जहाजाच्या टाकी-पातळीचा जुना कार्ड-रॅक: तसाच्या तसा बनवू की बदलू?

मकरपुरा_पत्राकाम

नमस्कार मंडळी,

मकरपुरा जीआयडीसीत (बडोद्याची औद्योगिक वसाहत) आमचं छोटं वर्कशॉप आहे. बाबांनी पत्राकामाने सुरुवात केली. मी गेली नऊ वर्षं १९ इंची सबरॅक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कार्डं सरकवून बसवायचे सांगाडे, बनवतोय. बडोद्यात ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगियरचं काम भरपूर, त्यामुळे आमचे बहुतेक रॅक सबस्टेशनच्या पॅनेलमध्ये जातात आणि वीस वर्षं जागचे हलत नाहीत. या वेळी पहिल्यांदाच समुद्रावरचं काम आलंय. घाईत चूक करायची नाही, म्हणून हा धागा.

एका लहान प्रॉडक्ट टँकरचा (पेट्रोल-डिझेलसारखा तयार माल नेणारं जहाज) टाक्यांची पातळी दाखवणारा रॅक माझ्या टेबलावर आहे. मूळ कंपनी ही मालिका आता बनवत नाही. मालकाला दोन नवे रॅक हवेत, 'सेम टू सेम'. एक बसवायला, एक जपून ठेवायला. कार्डं जुनीच वापरायची. म्हणजे सांगाडा, गाइड (कार्ड सरकायच्या खाचा), बॅकप्लेन (कार्डं ज्यात खुपसतात तो मागचा बोर्ड) आणि कनेक्टर माझे.

रॅक ३यू उंचीचा (१३३.३५ मिमी), ८४ एचपी रुंद (एचपी हे रॅकच्या रुंदीचं माप, ५.०८ मिमीचं). कार्डं १०० बाय १६० मिमीची. दहा कार्डं टाक्यांची, प्रत्येकावर दोन टाक्या. एक प्रोसेसर, एक अलार्म रिलेचं, आणि शेवटी दुप्पट रुंदीचा पॉवर सप्लाय. मागे डीआयएन ४१६१२चे ६४ पिनी कनेक्टर. टाक्यांमधल्या प्रेशर ट्रान्समीटरकडून ४ ते २० मिलिअँप येतो, रिकाम्या टाकीला ४, भरलेल्या टाकीला २०.

तक्रार अशी: इंजिन एका ठरावीक आरपीएमला आलं की ३ नंबर पोर्ट (डाव्या बाजूच्या) टाकीचा आकडा उड्या मारतो. बंदरात इंजिन बंद केलं की स्थिर. दोनदा ट्रान्समीटर बदलून झालाय.

मला दिसलं ते सांगतो. पाचव्या खाचेतला नायलॉनचा गाइड पुढच्या टोकाला चिरलाय. चार कार्डांच्या फ्रंट पॅनेलचे एम २.५ स्क्रूच नाहीत, कार्ड निव्वळ कनेक्टरच्या पकडीवर उभं आहे. आणि पाचव्या खाचेतल्या कार्डाच्या पिनांवर काळपट भुकटी आहे, बोटाला कोळशासारखी लागते.

तसाच्या तसा बनवून दिला तर माझं काम कागदावर पूर्ण होईल. पण मग तोच दोष मी नवा कोरा करून पाठवेन ना? जाणकारांनी सांगावं.

दांडियाबाजार

पिना खोडरबराने घासून बघ आधी. चाळीस वर्षं टीव्ही आणि स्टॅबिलायझर दुरुस्त केले, निम्मी कार्डं खोडरबरानेच चालू झाली आहेत.

खारे_वारे

अठ्ठावीस वर्षं जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो, आता वाघोडिया रोडला घरी आहे. धागा वाचून झोप उडाली म्हणून रात्रीच लिहितोय.

पाटील, देशमुख जे कोणी असाल ते, स्क्रू नसणं ही बारीक गोष्ट समजू नका. जहाजावर कार्ड काढायची वेळ पहाटे तीनला येते, माणूस दमलेला असतो, हातात टॉर्च असते. स्क्रू डेकवर पडतो, पॅनेलखाली जातो, आणि 'उद्या लावू' म्हणून कार्ड तसंच ढकललं जातं. मीही ते केलेलं आहे. म्हणून पॅनेलवर स्क्रू अडकूनच राहतील असे, कॅप्टिव्ह बसवा. एवढ्या एका गोष्टीने निम्मी तक्रार जन्मालाच येणार नाही.

आता एक प्रसंग. बॅलास्ट (तोल राखायला टाक्यांत घ्यायचं समुद्राचं पाणी) भरत होतो. पडद्यावर टाकी ७१ टक्के, आणि ती तिथेच थांबलेली. पंप चालू आहे, बाकीच्या टाक्या भरतायत, ही हलत नाही. मी बोसनला (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) साउंडिंग घ्यायला, म्हणजे हाताने पातळी मोजायला, पाठवलं. त्याने टेपला खडू लावला, पितळी वजन साउंडिंग पाइपात सोडलं, वर ओढलं. खडूवरची ओली रेघ आमच्या टेबलप्रमाणे ९० टक्क्यांच्या पुढे निघाली. आणखी थोडा वेळ गेला असता तर व्हेंटमधून पाणी डेकवर आलं असतं, आणि जहाज एका अंगाला कललं असतं ते वेगळंच. ट्रान्समीटर ठणठणीत होता. कार्ड कनेक्टरमधून दीड-दोन मिलिमीटर बाहेर सरकलं होतं. प्रोसेसर शेवटचा आकडा धरून बसला होता.

ते कार्ड मी अंगठ्याने आत दाबलं तेव्हा 'टक' असा आवाज आला आणि आकडा एकदम वर गेला. तो आवाज अजून कानात आहे.

तांब्याची_वाट

दांडियाबाजार काका, खोडरबराबद्दल आदराने विरोध करते. मी बोर्ड डिझाइन करते (मांजलपूरला बसून). चांगल्या कनेक्टरवरचा सोन्याचा थर मायक्रॉनच्याही खाली असतो, पाऊण मायक्रॉन म्हणजे उत्तम. खोडरबरात घासणारे कण असतात. एकदा पुसलं की कार्ड चालतं, चौथ्यांदा खालचं निकेल उघडं पडतं, आणि मग खाऱ्या हवेत ते कार्ड कायमचं रुसतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड, बस.

काळी भुकटी आहे ती फ्रेटिंगची. दोन संपर्क एकमेकांवर अगदी सूक्ष्म, केसाहूनही कमी अंतर मागेपुढे घासत राहतात. कथिलाचा थर असेल तर प्रत्येक घासणीत ताजा धातू उघडा पडतो, त्याचं ऑक्साइड होतं, ते चुरडलं जातं, पुन्हा ताजा धातू. भुकटी साचते आणि रोध वाढतो. म्हणून कथिलावर कथिल नको, आणि सोन्यासमोर कथिल तर मुळीच नको. पत्राकाम दादा, कनेक्टरचे दोन्ही अर्धे कशाचे आहेत ते भिंगाखाली पाहून सांगाल का?

दुसरं. ४–२० मिलिअँपची गंमत अशी की वाटेत रोध वाढला तरी करंट बदलत नाही, सप्लायचा व्होल्टेज पुरेसा असेपर्यंत. म्हणून ट्रान्समीटर बदलून फरक पडणार नव्हता, आणि फील्डच्या, म्हणजे टाकीकडून येणाऱ्या, पिनेवर थोडा रोध वाढूनही आकडा उडायचं कारण नाही. गडबड करंटचा व्होल्ट झाल्यावर आहे. २५० ओहमवर १ ते ५ व्होल्ट तयार झाला आणि तो बॅकप्लेनवरून प्रोसेसरकडे गेला, की तिथे ० व्होल्टची पिन राजा. समजा कार्ड १५० मिलिअँप घेतं आणि त्याच्या ० व्होल्टच्या पिनेला २ ओहम रोध आला. ०.३ व्होल्टचा फरक पडला. ४ व्होल्टच्या पल्ल्यात तो साडेसात टक्के होतो. १२ मीटरच्या टाकीत ९० सेंटिमीटर! आणि पिन थरथरली की तो आकडा पण थरथरणार.

बॅकप्लेनवर ० व्होल्ट किती पिनांवर घेतलाय ते मोजा.

मकरपुरा_पत्राकाम

ताई, मोजलं. तुमच्या पायाला हात लावायला हवा.

कार्डावर ० व्होल्टसाठी चार पिना एकत्र जोडलेल्या आहेत. बॅकप्लेनवर मात्र पाचव्या खाचेत त्यातली एकच जोडलेली आहे. बाकी खाचांत चारही आहेत. पाचव्या खाचेचा कनेक्टर पूर्वी कुणीतरी बदललाय, सोल्डरचा रंग वेगळा आहे, आणि तीन पॅड निघून गेलेत. ज्याने बदलला त्याने एका पिनेवर तार ओढून काम भागवलं. आणि हो, बदललेला अर्धा कथिलाचा, कार्डाकडचा सोन्याचा.

३ नंबर पोर्ट टाकी याच पाचव्या खाचेतल्या कार्डावर आहे.

पाच तास मी गाइडकडे बघत बसलो होतो. दोष सांगाड्याचाच, पण मी बघत होतो त्याच्या मागे सहा इंचांवर.

थरथर

बोर्ड, गाइड, पिन सगळं बरोबर, पण टेबलावर बरोबर. मी कंपन-चाचणीच्या क्षेत्रात आहे, थोडं आकड्यांत सांगतो.

जहाजावरच्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी वर्गीकरण संस्थांची (जहाजं तपासून प्रमाणित करणाऱ्या) सामाईक अट आहे, त्यांच्या संघटनेची, आयएसीएसची, ई१०. कंपनाचं साधारण रूप असं: २ ते १३.२ हर्ट्झपर्यंत दोन्ही बाजूंना १ मिमी हालचाल, तिथून १०० हर्ट्झपर्यंत ०.७ जी (गुरुत्वत्वरणाच्या ०.७ पट). (१३.२ला १ मिमी म्हणजे बरोब्बर ०.७ जीच होतात, म्हणून सांधा तिथे.) इंजिनावरच बसणाऱ्या उपकरणांना याहून बरंच कडक, ४ जीपर्यंत. आधी हळूहळू स्वीप करून कुठे अनुनाद येतो ते शोधायचं. जिथे कंपन दुप्पट किंवा जास्त वाढतं त्या प्रत्येक फ्रिक्वेन्सीवर ९० मिनिटं. कुठेच नसेल तर ३० हर्ट्झवर ९० मिनिटं.

समुद्रावर खरंच काय असतं? चार पात्यांचा प्रॉपेलर १२० आरपीएमला फिरला तर पात्यांचा ठोका ८ हर्ट्झचा. ९०० आरपीएमचा जनरेटर १५ हर्ट्झचा. 'एका ठरावीक आरपीएमला आकडा उडतो' हे वाक्य ऐकलं की समजायचं, काहीतरी त्या सुराला जुळलंय.

३यू सबरॅकमध्ये बहुतेक वेळा कार्ड नाही, बॅकप्लेन जुळतो. ८४ एचपी म्हणजे ४२७ मिमी लांब पातळ पट्टी, दोन टोकांना स्क्रू आणि मध्ये काहीच नाही. ढोलाच्या कातड्यासारखी वाजते.

कलाभवनचा_विद्यार्थी

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रश्न बाळबोध असेल. आज पीएलसी (प्रोग्रॅम करता येणारे औद्योगिक कंट्रोलर) आणि डीन रेलवरचे (पॅनेलमधल्या पट्टीवर अडकवायचे) इनपुट मॉड्यूल मिळतात, तर हा जुना रॅक जपायचाच कशाला?

खारे_वारे

बाळा, प्रश्न योग्य आहे. नवं जहाज बांधत असतील तर तेच करावं. पण चालू जहाजावर वीस टाक्यांच्या केबल याच रॅकच्या मागे येऊन संपतात. पॅनेलचं कटआउट याचं. कार्गो कंट्रोल रूममधला मिमिक बोर्ड (टाक्या चित्रात दाखवणारा फलक) याच्या भाषेत बोलतो. सगळं बदलायचं तर नवे ड्रॉइंग, वर्गीकरण संस्थेची मंजुरी, आणि जहाज थांबवायचे दिवस. रॅक बदलायला एक रात्र लागते.

शिवाय या रॅकमध्ये एक मोठेपणा आहे. कार्ड ओढायचं, शेजारचं लावायचं, दोष कार्डाबरोबर गेला की खाचेत राहिला ते बघायचं. लॅपटॉप नको, पासवर्ड नको, किनाऱ्यावरून माणूस नको. समुद्रात हे फार मोठं आहे. तुझ्या कॉलेजची सुरुवात १८९० साली सयाजीराव महाराजांनी काढलेल्या कलाभवनात झाली, हाताने काम शिकवायच्या हेतूने. एकदा मकरपुऱ्याला जाऊन हा रॅक हातात घेऊन बघ.

मकरपुरा_पत्राकाम

नवी अडचण. डाव्या टोकाला मागे एक छोटी पट्टी आहे, तिच्यावर निळी टर्मिनल आणि निळ्या तारा. तिथून सहा टाक्यांच्या लाइन आत जातात. तिचीही नक्कल करायची का?

खारे_वारे

नाही. थांबा. हात लावू नका.

निळा रंग म्हणजे इन्ट्रिन्सिकली सेफ सर्किट. त्या सहा लाइन कार्गो टाक्यांच्या आहेत, जिथे पेट्रोलियमची वाफ असते. ती पट्टी म्हणजे झेनर बॅरिअर. रॅकमध्ये काहीही बिघडलं, अगदी मेनचा व्होल्टेज आत शिरला, तरी टाकीत ठिणगी पडण्याइतकी ऊर्जा जाऊ नये यासाठी ती आहे. ती प्रमाणित वस्तू आहे. दिसायला चार डायोड, फ्यूज आणि रेझिस्टर, पण वर्कशॉपमध्ये तशीच बनवून लावणं म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ.

झेनर बॅरिअरला अर्थिंगही कडक लागतं, १ ओहमच्या आत, ४ चौरस मिमीची स्वतंत्र तार किंवा दीड-दीडच्या दोन. आणि निळी टर्मिनल इतरांपासून किमान ५० मिमी लांब. माझा सल्ला: मालकाला सांगा, प्रमाणित गॅल्व्हानिक आयसोलेटर (दोन बाजूंत विजेची थेट जोडणी न ठेवणारे) तयार विकत घ्या, वेगळ्या प्लेटवर, रॅकच्या बाहेर. त्यांना त्या खास अर्थची गरज नसते. वर्गीकरण संस्थेच्या सर्व्हेअरला आधी ड्रॉइंग दाखवा.

आणखी एक तपासा. अलार्म कार्डावर ९५ टक्क्यांचा हाय अलार्म असेल. ९८चा ओव्हरफिल अलार्म या रॅकमधून, याच सप्लायवर निघत नाहीये ना? तो मापनापासून स्वतंत्र असायला हवा. मोजणारा चुकला तर ओरडणारा तरी शाबूत हवा.

मकरपुरा_पत्राकाम

ओव्हरफिल वेगळ्या पॅनेलमध्ये आहे, मालकाकडून ड्रॉइंग मागवून पाहिलं. बॅरिअरबद्दल लिहून दिलं की मी बनवणार नाही. थोडी नाराजी झाली, मग मानलं. काका, तुम्ही नसता तर मी ती पट्टी निळ्या तारांसकट हुबेहूब बनवून दिली असती. रंग सुद्धा जुळवला असता.

दांडियाबाजार

खोडरबर मागे घेतो. ताई, पटलं.

अलंगला, भावनगरजवळच्या जहाजं तोडायच्या किनाऱ्यावर, बघितलंस का? त्रापजच्या रस्त्यावर जहाजातून निघालेल्या मालाची दुकानंच दुकानं. गाद्या, पंखे, भांडी तर मिळतातच, पण पॅनेलही येतात.

मकरपुरा_पत्राकाम

रविवारी जाऊन आलो. बोरसद, तारापूर, वटामण करत भावनगर, तिथून पुढे अलंग. भरतीच्या पाण्यावर किनाऱ्यावर चढवलेली जहाजं लांबून दिसतात, पुढून कापलेली, आतले मजले उघडे. पोटात काहीतरी होतं ते बघून.

तिसऱ्या दुकानात याच मालिकेचा एक रॅक सापडला. पत्र्याखाली, पण बाजू उघड्या. कार्डं वजनावर द्यायला तयार होते. सगळी बाहेर काढून बघितली. निम्म्या कार्डांवर मिठाची पांढरी बुरशी आणि कपॅसिटर फुगलेले. पॉवर सप्लाय गेलेला. पण प्रोसेसर कार्डावरच्या ईप्रॉमच्या (प्रोग्रॅमची चिप, अतिनील उजेडाने पुसली जाते) खिडकीवरचं लेबल शाबूत होतं, म्हणजे उजेड लागलेला नाही. ते आणि टाक्यांची चार चांगली कार्डं आणली. सांगाडा तिथेच सोडला, गाइड भाकरीसारखे तुटत होते.

तांब्याची_वाट

ईप्रॉम लगेच रीडरवर वाचून दोन ठिकाणी कॉपी ठेवा, जहाजावरच्याची सुद्धा. पण अलंगची चिप या जहाजात लावू नका! त्यात त्या दुसऱ्या जहाजाच्या टाक्यांची टेबलं असतील. पातळीवरून घनफळ, ट्रिमची (जहाजाच्या पुढे-मागे कलाची) दुरुस्ती, सगळं त्या टाक्यांच्या आकाराचं. आकडे छान दिसतील आणि साफ चुकीचे असतील.

कार्डं धुवायची पद्धत: आधी डिस्टिल्ड पाणी आणि मऊ ब्रश, मग आयसोप्रोपिल, मग ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवणं. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचा पूर आला तेव्हा आम्ही कितीतरी बोर्डं अशीच वाचवली. मीठ ओलावा ओढून घेतं, ते राहिलं तर कोटिंगच्या खाली बसून ट्रॅक खाईल. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळे बदला, १०५ अंशांचे. ढोबळ हिशोब असा की दहा अंश तापमान वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं.

मकरपुरा_पत्राकाम

प्रगती, आणि एक फजिती.

कार्डं धुतली, कपॅसिटर बदलले, मग ॲक्रिलिक कोटिंग मारलं. कनेक्टरवर टेप लावला होता, पण घट्ट दाबला नव्हता. कोटिंग पिनांच्या मुळाशी ओढलं गेलं आणि दोन कार्डांच्या पिना आतून झाकल्या गेल्या. मीटरला काहीच लागेना. कनेक्टर उपटून नवे लावावे लागले. पुढच्या वेळी सोलून निघणारा मास्क.

पहिला सांगाडा चाचणीला नेला, नापास. थरथर म्हणाले तेच. ३८ हर्ट्झला बॅकप्लेनच्या मध्यावर सहापट. हात लावला तर बोट बधिर होत होतं. परत आणून रेलमधल्या प्रत्येक चौथ्या छिद्राला स्क्रू दिला (छिद्रं ५.०८ मिमीवर असतातच, आपण आळसाने वापरत नाही), रेल आणि बॅकप्लेनमध्ये इन्सुलेटिंग पट्टी, आणि मागे मध्यावर एक उभी पट्टी. दुसऱ्या वेळी १०० हर्ट्झपर्यंत कुठेही दुप्पट नाही. ३० हर्ट्झवर ९० मिनिटं चालवलं, आत दोन कार्डं कॅलिब्रेटरला जोडून. ४, ८, १२, १६, २०, पाचही आकडे हलले नाहीत.

बाबा सोबत आले होते. नव्वद मिनिटं ते टेबलाजवळून उठले नाहीत.

ॲनोडाइझिंगची चूक वेळेत लक्षात आली. ॲनोडाइझ्ड ॲल्युमिनियम दिसतं छान, पण तो थर वीज जाऊ देत नाही, फ्रंट पॅनेल अर्थच होत नाही. म्हणून रेल आणि बाजू क्रोमेट केल्या, तो थर वीज जाऊ देतो. आतून दिसणारा पिवळसर रंग मला आता आवडायला लागलाय.

पाचही खाचांचे... चुकलं, सगळ्याच खाचांचे कनेक्टर सोन्याचे, दोन्ही बाजूंना. ० व्होल्ट चारही पिनांवर. टाकीचं कार्ड प्रोसेसरच्या जागी जाऊ नये म्हणून कोडिंग पिना. आणि २५० ओहम कार्डावर न ठेवता टर्मिनलच्या बाजूला घेतलाय, कार्ड ओढलं तरी लूप तुटत नाही.

तांब्याची_वाट

तो २५० बाहेर घेतलात तर त्याच्या दोन्ही टोकांपासून वेगळ्या पिना कार्डावर आणा, सप्लायच्या ० व्होल्टशी जोडून टाकू नका. नाहीतर काढलेला दोष दुसऱ्या दाराने आत येईल.

मकरपुरा_पत्राकाम

आणल्यात ताई. त्यासाठी रिकाम्या पिना वापरल्या आणि कार्डावर दोन जंपर. मालकाला लेखी कळवलंय, ड्रॉइंगवर लाल रंगात दाखवलंय.

दोन्ही रॅक उद्या संध्याकाळच्या ट्रकने निघतात. सोबत तपासलेली चार जादा कार्डं, बारा गाइड, आणि एक एक्सटेंडर कार्ड, म्हणजे चालू रॅकमध्ये कार्ड बाहेर काढून मीटर लावता येईल.

खारे_वारे

जादा कार्डं खोक्यात पाठवू नका. खोकं स्टोअरमध्ये जातं, क्रू बदलतो, आणि नवीन माणसाला ते आहे हेच ठाऊक नसतं. पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला पत्र्याचा खिसा करा आणि त्यात उभी ठेवा. दार उघडलं की समोर. बाहेर मोठ्या अक्षरांत लिहा कुठलं कार्ड कुठल्या खाचेचं.

मकरपुरा_पत्राकाम

बाबा आत्ता पत्रा कापतायत, काका. चार खणांचा करतोय, कार्डाला फोमची पट्टी, वर फिरणारी अटक. दाराची मापं ड्रॉइंगमध्ये आहेत. सकाळी पावडर कोटिंगला देतो, ट्रकच्या आधी हातात येईल.